केळीच्या सोपटाची कारागिरी व दूरचें गिऱ्हाईक

खानदेशांतील केळीचा बागाईतदार आपला माल न पाहिलेल्या गिऱ्हाइकास विकण्यांत नवखा नाहीं. रावेर, सावदा, निंभोरा येथून दिल्लीकडे जाणारें फळ अखेर कोण खातो, हें बागाईतदारानें कधीं पाहिलें नाहीं. आणि त्या खाणारानेंहि तापीकांठचा मळा कधीं पाहिलेला नाहीं. मध्यें व्यापारी, दलाल, आडत्ये असे चारपांच हात असतात. विश्वासाचा सारा भार तेच वाहतात व त्याबद्दल आपला वांटाहि काढून घेतात. भाव ठरविण्याच्या कामीं बागाईतदाराचा शब्द किती चालतो, हें वाचकांस सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत ज्या जोडधंद्याचा विचार करावयाचा आहे त्यांत हे मधले हात पुष्कळ अंशीं गळून पडतात व भाव आपला आपणच ठरवावयाचा असतो. परंतु त्यामुळेंच विश्वास उत्पन्न करण्याचें कामहि आपल्याच अंगावर येऊन पडतें. हा धंदा म्हणजे केळीच्या खोडाच्या सोपटापासून व तंतूपासून घरीं हातानें केलेल्या वस्तु मोबाइलवरील लहानशा दुकानांतून विकणें.

एका खोडास एकदांच घड येतो. घड उतरला कीं तें खोड तोडून बांधावर टाकणें, शेतांतच कुजविणें किंवा मजूर लावून बाहेर काढणें एवढेंच उरतें. ज्या वर्षीं उन्हाळ्याच्या अखेरच्या वादळांत उभी बाग आडवी होते त्या वर्षीं तर घडहि जातो आणि खोडें काढण्याची मजुरी मात्र अंगावर पडते. ह्या खोडास कांहीं मोल यावें, अशी इच्छा होणें साहजिक आहे. तथापि टाकाऊपासून सोनें होतें असलीं वाक्यें ऐकून कोणीं हुरळून जाऊं नये. ओल्या खोडांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतें. तंतु म्हणून जो भाग हातीं लागतो तो वजनानें शेंकडा एकाच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनहि कमी. बाहेरच्या सोपटांचा तंतु जाड व राठ निघतो, तो दोर, पायपुसणीं व चटया ह्यांस चालतो. आंतल्या सोपटांचा मऊ व चकचकीत असतो, तो पिशव्या व आसनें ह्यांस घ्यावा. लहान मोटारीवर चालणाऱ्या यंत्रानें हा तंतु काढतात. यंत्र नसेल तर नुसतें सोपट वाळवून, त्याच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालतां येते व वेणीच्या टोपल्या वळतां येतात. फुलवाले गजरा बांधावयास सोपटाचा दोरा वापरतात, तो आपण लहानपणापासून पाहिला आहे. तेव्हां ही विद्या आपणांस अगदींच परकी नव्हे. शेजारच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यांत स्त्रियांचे बचतगट ह्या तंतूच्या वस्तु करीत आहेत, आणि नवसारीच्या कृषि विद्यापीठानें खोडाच्या रसापासून द्रवखतहि सिद्ध केलें आहे.

म्हणजे वस्तु करण्याचें ज्ञान मिळण्यासारखें आहे. घोडें अडतें तें विकण्यापाशीं. प्रशिक्षणाचे दिवस संपतात, गटांत वीसतीस टोपल्या तयार होतात, त्यांचे फोटो फेसबुकावर चढविले जातात, नातेवाईक त्यांवर अंगठे उमटवितात, आणि टोपल्या माळ्यावर जाऊन पडतात. वर्षभरानें त्यांत कांदे ठेवले जातात.

ह्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या बाजारांत माल मांडून बसलेल्या बाईपुढून शेंकडों लोक जातातच. त्यांतले दहा थांबतात व दोन घेतात. मोबाइलवरील दुकानापुढून कोणीच जात नाहीं. तें वस्तीपासून दूर मळ्यांत बांधलेल्या घरासारखें आहे. ज्यास मुद्दाम तेथें जावयाचें तोच जातो. तेव्हां दुकान उघडलें म्हणजे लोक येतील, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. लोक येतात ते एक तर कांहीं गरज मनांत धरून शोधतां शोधतां येतात, नाहीं तर कोणी सांगितलें म्हणून येतात, किंवा ती वस्तु पूर्वीं हातीं धरून पाहिलेली असते म्हणून येतात. ह्या तीन वाटा होत, आणि प्रत्येकीची मशागत निराळी आहे.

नांव व वर्णन

शोधणारा माणूस त्याच्या शब्दांनीं शोधतो, आपल्या शब्दांनीं नव्हे. पुण्याच्या सदनिकेंत राहणारी बाई 'सोपटाची दुरडी' असे शब्द कधींहि लिहिणार नाहीं. ती 'पोळ्या ठेवण्याची टोपली', 'कुंडीचें कव्हर', 'गिफ्ट बास्केट' किंवा 'रुखवताच्या वस्तु' असें लिहील, आणि तेंहि बहुधा इंग्रजींत किंवा हिंदींत. म्हणून वस्तूचें नांव देतांना प्रथम तिचा उपयोग, मग ती कशाची आहे तें, आणि शेवटीं तिचें माप लिहावें. उदाहरणार्थ, 'कुंडीचें कव्हर, केळीच्या सोपटाचें, आठ इंची कुंडीसाठीं'. हेंच नांव मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत द्यावें. घरांतील शाळकरी मुलीस हें काम सहज करतां येईल. 'दुरडी' हा आपला शब्द टाकून द्यावा असें मात्र नाहीं. तो खालच्या वर्णनांत ठेवावा. तेथें तो शोभतो. 'सुंदर', 'आकर्षक', 'मनमोहक' हीं विशेषणें कोणी शोधीत नाहीं, त्यांस नांवांत जागा देऊं नये.

वर्णनाचें काम निराळें. बाजारांत गिऱ्हाईक टोपली उचलतें, तिचें वजन पाहतें, बूड दाबतें, वास घेतें, कडेवरून बोट फिरवितें, आणि हें सारें न बोलतां करतें. मोबाइलवर हें त्याला करतां येत नाहीं. म्हणून तें जें जें हातानें विचारतें त्या प्रत्येकाचें उत्तर आपण शब्दांत दिलें पाहिजे. लांबी, रुंदी व उंची इंचांत व सेंटिमीटरांत, वजन ग्रॅमांत, किती किलो भार सोसते, रंग दिलेला असल्यास तो ओल्या हातास लागतो कीं काय, भिजली तर काय करावें, दोन टोपल्यांच्या रंगांत थोडा फरक असणारच, हें सर्व आधींच सांगून टाकावें. सोपटाच्या व तंतूच्या वस्तु दमट हवेंत ओल धरतात व त्यांवर बुरशी येऊं शकते. मुंबई व कोंकण येथील गिऱ्हाइकास हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पहिल्याच श्रावणांत तें त्याला कळणार आहे. "पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां हवा दाखवावी, धुऊं नये, कोरड्या फडक्यानें पुसावी" असें सरळ लिहावें. असें वाचून कांहीं गिऱ्हाइकें परत फिरतील. जीं फिरतील तीं पुढें तक्रार करणारींच होतीं.

किंमत लपविण्याची एक खोड आपल्याकडे सर्वत्र पसरली आहे. फोटो टाकावयाचा आणि खालीं लिहावयाचें, 'किंमतीसाठीं मेसेज करा'. विचारणारास वाटतें कीं माणूस पाहून भाव सांगणार; आणि तो विचारीतच नाहीं. त्याहून वाईट म्हणजे कोणी विचारलेंच तर "घेणार का?" असा उलट प्रश्न करणें. आठवडे बाजारांत तो खपून जातो. दूरच्या गिऱ्हाइकास तो दार लावून घेतल्यासारखा वाटतो. किंमत, टपालाचा किंवा कुरिअरचा खर्च व माल पोंचण्यास लागणारे दिवस हीं तिन्ही फोटोखालींच असावीं. प्रश्नास उत्तर त्याच दिवशीं जावें. शेताच्या कामामुळें दिवसां वेळ नसेल तर "रात्रीं आठनंतर उत्तर देऊं" एवढी पाटी लावावी. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठीं असलेल्या प्रकारांत अशी सूचना आपोआप जाण्याची सोय आहे, आणि वस्तूंची यादी किंमतींसह लावण्याचीहि आहे.

फोटोंविषयीं थोडें लिहितों. त्यासाठीं महाग यंत्र लागत नाहीं. सकाळीं आठनऊच्या सुमारास ओसरीवर, जेथें उजेड भरपूर पण ऊन थेट नाहीं अशा जागीं, पांढरें धोतर किंवा काळें घोंगडें पसरून त्यावर वस्तु ठेवावी. एक फोटो समोरून, एक वरून, एक बुडाचा, आणि एक जवळून, म्हणजे वीण दिसेल. शिवाय एक असा कीं ज्यांत वस्तु वापरांत आहे: टोपलींत भाकरी, पिशवींत भाजी, कव्हरांत तुळशीची कुंडी. हाच फोटो बहुधा गिऱ्हाइकास थांबवितो, कारण आकाराचा अंदाज मापावरून येत नाहीं तितका भाकरीवरून येतो. खोडापासून सोपट सोलतांनाचा अर्ध्या मिनिटाचा चलच्चित्राचा तुकडाहि ठेवावा. आपणांस तो दररोजचा देखावा आहे. बंगळुराच्या माणसानें तो जन्मांत पाहिलेला नसतो.

दुसऱ्याच्या दुकानांतला फोटो उचलून आपला म्हणून लावणें हा शुद्ध खोटेपणा होय. फोटोंतील एक व पेटींतील दुसरी वस्तु निघाली म्हणजे एका गिऱ्हाइकाबरोबर त्याचे दहा ओळखीचेहि जातात.

हातांत धरून पाहण्याची वाट

आपल्या जिल्ह्यास प्रदर्शनाची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचें उद्घाटन महात्मा गांधींनीं केलें आणि नगराची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनीं बांबूसारख्या गांवांत मिळणाऱ्या साध्या साहित्यांतून केली. आजहि 'उमेद' अभियानातर्फे मुंबईस 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरतें व बचतगटांस तेथें माल मांडतां येतो. प्रदर्शनाचा गुण हा कीं गिऱ्हाईक वस्तु हातीं घेतें. आणि त्याचा दोष हा कीं शेवटच्या दिवशीं मांडव उतरला कीं तें गिऱ्हाईक गर्दींत नाहींसें होतें.

मोबाइलवरील दुकानाचा खरा उपयोग येथें आहे. प्रदर्शनांत पिशवी घेऊन गेलेली बाई तीन महिन्यांनीं भाचीच्या लग्नास तशाच पांच पिशव्या घेऊं इच्छिते, पण तिला आपला पत्ता ठाऊक नसतो. म्हणून प्रत्येक वस्तूस जाड कागदाची एक चिठ्ठी सोपटाच्याच दोऱ्यानें बांधावी. तिच्यावर करणारीचें किंवा गटाचें नांव, गांव, दूरध्वनीचा क्रमांक व दुकान उघडणारा क्यूआर कोड असावा. चिठ्ठी सुटून पडते म्हणून पिशवीच्या आंतल्या अंगास क्रमांकाची लहान पट्टीहि शिवून टाकावी. प्रदर्शनांत किती विक्री झाली ह्यापेक्षां किती चिठ्ठ्या घरोघर गेल्या हें आम्ही अधिक महत्त्वाचें समजतों.

खानदेशी मंडळी सुरत, नाशिक, पुणें, मुंबई येथें मोठ्या संख्येनें आहेत, आणि प्रथम त्यांनाच कळवावें असें वाटणें स्वाभाविक आहे. अवश्य कळवावें. परंतु ते स्वतः विकत घेतील अशी आशा फार धरूं नये. त्यांच्या डोळ्यांपुढें सोपट म्हणजे बांधावर कुजणारा कचरा. ते सांगतील मात्र उत्तम. त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांस व कचेरींतील सोबत्यांस वस्तु दाखविण्यासाठीं अशा दोनचार घरीं एकेक नमुना फुकट धाडावा. हा खर्च पैसे देऊन छापविलेल्या जाहिरातीपेक्षां अधिक फळतो असें आमचें मत आहे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक येथें पैसे भरून जाहिरात करण्याची घाई निदान पहिलीं वीस गिऱ्हाइकें मिळेपर्यंत करूं नये. कोणाला दाखवावयाची तेंच तोंपर्यंत आपणांस कळलेलें नसतें.

किंमत आणि भाडें

केळीच्या भावाशीं झुंजण्याची संवय असलेला शेतकरी स्वतः भाव ठरवावयाची पाळी येतांच गोंधळतो, आणि बहुधा फार कमी ठरवितो. घरच्या बाईच्या हाताची मजुरी तो हिशोबांत धरीतच नाहीं. आपण एक हिशोब मांडून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत, ज्यानें त्यानें आपले घालावेत. समजा, एका मध्यम टोपलीस सोपट सोलून वाळविण्याचा एक तास, वेणीचे दोन व विणण्याचे तीन, असे सहा तास लागले. तासाचे पन्नास रुपये धरल्यास मजुरी ३०० रुपये झाली. अस्तर व दोरा ४० रुपये, पेटी व चिठ्ठी ३० रुपये, मिळून ३७०. यंत्र, मोटार, वाया गेलेला माल ह्यांच्यासाठीं ५० रुपये ठेविले तर ४२०. आतां मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळावर विकल्यास त्याचा वांटा समजा शेंकडा १५ व परत येणाऱ्या मालाची तूट शेंकडा ५. म्हणजे विक्रीच्या रुपयांतून ८० पैसेच घरीं येतात. ४२० रुपये घरीं येण्यास किंमत ५२५ रुपये ठेवली पाहिजे. हीच टोपली ३०० रुपयांस विकून "खूप खपल्या" म्हणून आनंद मानणारे गट आहेत; त्यांच्या हातीं ह्या हिशोबानें २४० रुपये येतात, त्यांतून जिनसांचा खर्च वजा जातां तासाला तीस रुपयेहि उरत नाहींत.

प्लॅस्टिकची टोपली शंभर रुपयांच्या आंत मिळत असतां पांचशेंची कोण घेईल? जो स्वस्त टोपली शोधीत आहे तो घेणार नाहीं, आणि त्याच्या मागें लागूंहि नये. घेणारा निराळा आहे. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ रोजीं प्लॅस्टिक व थर्माकोल ह्यांच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून टाकावयाच्या कांहीं प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. गणपतीच्या मखरासाठीं, भेटवस्तूंच्या वेष्टनासाठीं, रोपांच्या कुंड्यांसाठीं दुसरें कांहीं शोधणारीं माणसें तेव्हांपासून वाढलीं आहेत. त्यांस वस्तूबरोबर तिचें कुळहि हवें असतें.

जपानच्या ओकिनावा बेटांतील किजोका गांवाचें उदाहरण येथें मनन करण्यासारखें आहे. तेथें एका जातीच्या केळीच्या तंतूपासून 'बाशोफू' नांवाचें कापड विणतात. एका पोशाखाच्या कापडास सुमारें दोनशें खोडें लागतात असें सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कला बुडत चालली होती. ती पुन्हां उभी करणाऱ्या तोशिको ताइरा ह्या विणकर बाईस २००० सालीं जपान सरकारनें जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरविलें. १९७४ सालींच त्या कापडास राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ति म्हणून मान्यता मिळाली होती. तें कापड स्वस्त नाहीं व कोणी तें स्वस्त व्हावें अशी अपेक्षाहि करीत नाहीं, कारण खोड लावण्यापासून विणण्यापर्यंतचें काम लोकांस ठाऊक आहे. आपल्या टोपलीचें काम तितकें नाजूक नाहीं, हें मान्य. पण जें आहे तें तरी आपण कोठें सांगतों?

सांगतांना मर्यादा पाळली पाहिजे. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें फळास मिळालें आहे, टोपलीस नव्हे. चिठ्ठीवर तसा शिक्का छापणें चुकीचें होईल. यंत्रानें काढलेल्या तंतूस 'हातानें काढलेला' म्हणूं नये. 'यंत्रानें काढून हातानें विणलेला' हें पुरेसें भूषणावह आहे. 'संपूर्ण पर्यावरणपूरक' असे मोघम दावे करणाऱ्यांसाठीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२४ मध्यें मार्गदर्शक नियम काढले आहेत. दाव्यास आधार दाखवावा लागतो. त्यापेक्षां "घड उतरल्यावर टाकून दिल्या जाणाऱ्या खोडापासून" हें साधें व खरें वाक्य लिहावें.

आतां भाड्याची गोष्ट, जिच्यांत पुष्कळ नवीं दुकानें बुडतात. हलकी वस्तु म्हणजे स्वस्त भाडें, अशी आपली कल्पना असते. बहुतेक कुरिअर कंपन्या मात्र पेटीच्या आकारावरूनहि वजन काढतात: लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा व त्यास ५००० नें भागावयाचें, म्हणजे किलो निघतात. हें वजन व कांट्यावरचें वजन ह्यांत जें अधिक त्यावर भाडें. तीस सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच पेटी घेतली तर २७,००० भागिले ५०००, म्हणजे ५.४ किलो. आंत टोपली चारशें ग्रॅमांचीच! दिल्लीपर्यंतचें भाडें टोपलीच्या किंमतीच्या जवळ जातें आणि गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवरून परत फिरतें. तीच टोपली बारा सेंटिमीटर उंचीची, पसरट केली तर २.१६ किलो भरते. घडी होणारी पिशवी ३५ × ३० × ४ च्या पाकिटांत गेली तर ०.८४ किलो. एकींत एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा जोड केल्यास एकाच पेटीच्या भाड्यांत तीन जातात. ह्यास्तव वस्तूचा घाट ठरवितांनाच तिची पेटी ठरवावी. दूरच्या विक्रीस पिशव्या, आसनें, गुंडाळी होणाऱ्या चटया, तोरणें, टेबलावरील बैठका ह्या बऱ्या. मोठे हारे व उंच टोपल्या जळगांव, धुळें, नाशिक येथील दुकानांत व प्रदर्शनांत द्याव्यात.

माल पोंचल्यावर पैसे घेण्याची रीत नवी नाहीं, व्ही. पी. नें मागविलेलीं पुस्तकें आपल्या वडिलांनीं सोडविलीं आहेत, आणि न सोडवितां परत धाडलींहि आहेत. परत आलेल्या पार्सलाचें जाण्याचें व येण्याचें दोन्ही भाडें विकणाऱ्यावर बसतें. लहान दुकानानें यूपीआयनें आगाऊ पैसे घ्यावेत आणि त्याबदल्यांत मोडकी वस्तु निघाल्यास बदलून देण्याचें वचन स्पष्ट लिहावें व पाळावें.

कायद्याच्या कांहीं बाबी

१ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यासहि बाजारपेठी संकेतस्थळावरून माल विकतां येतो; मात्र उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आंत असावी (महाराष्ट्रांत मालासाठीं ती ४० लाख रुपये आहे), पॅन असावा, पोर्टलवर नांवनिशी क्रमांक घ्यावा, आणि विक्री आपल्या राज्याच्या आंतच करावी. परराज्यांत विकावयाचें तर सामान्यतः नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक यादींतील वस्तूंस ठराविक उलाढालीपर्यंत ह्यांत सूट आहे, पण पॅन व ई-वे बिलाची अट तेथेंहि आहे. आपली वस्तु त्या यादींत बसते कीं नाहीं, हें करसल्लागारास आधीं विचारून घ्यावें. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणें विक्रेत्यानें स्वतःच ग्राहक असल्याचें भासवून स्तुतीचे अभिप्राय लिहिणें मना आहे. भाच्यापुतण्यांकडून पंचवीस तारे लावून घेणारांनीं हें लक्षांत ठेवावें. खऱ्या गिऱ्हाइकाकडे मात्र संकोच न धरतां मागावें. माल पोंचल्यावर चौथ्यापांचव्या दिवशीं "वस्तु कशी वाटली, वापरांत असल्यास फोटो पाठवावा" एवढा निरोप पुरतो. असे दहा खरे फोटो दुकानांत लागले कीं अकराव्याचा संशय बराच कमी होतो.

हंगामाचें गणित शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं, फक्त तें येथें लावावयाचें असतें. गणपतीचा माल आषाढांत दिसूं लागला पाहिजे. दिवाळीच्या भेटी देणाऱ्या कंपन्या व मिठाईवाले श्रावण-भाद्रपदांतच ठरवून मोकळे होतात. रुखवताची मागणी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. पावसाळ्यांत सोपट नीट वाळत नाहीं. म्हणून गणपती व दिवाळीचा माल लागणारें सोपट उन्हाळ्यांतच वाळवून, कोरड्या खोलींत फळ्यांवर रचून ठेवावें. ओलसर सोपटाची टोपली पेटींत चार दिवस कोंडली म्हणजे गिऱ्हाइकास बुरशीच्या वासाची भेट मिळते.

आणखी एक गोष्ट अनुभवी मंडळी नेहमीं सांगतात व नवे गट ऐकत नाहींत. शंभर निरनिराळीं गिऱ्हाइकें शोधण्यापेक्षां दरमहा वीस कव्हरें नेणारी एक रोपवाटिका, किंवा दर दिवाळीस दोनशें पसरट टोपल्या घेणारा एक मिठाईवाला अधिक कामाचा. मोबाइलवरील दुकान अशा घाऊक गिऱ्हाइकास नमुन्याच्या पेटीसारखें उपयोगी पडतें. त्यास पाहिजे असतें तें एकच: वीसच्या वीस कव्हरें एका मापाचीं व ठरल्या दिवशीं. म्हणून लांकडाचे साचे करून त्यांवरच विणावें, आणि होईल तेवढीच मागणी पत्करावी. कापणीच्या गर्दींत बायका शेतावर असतात. त्या पंधरवड्यांत दुकानावर 'नवीन मागणी अमुक तारखेनंतर' असें लिहून ठेवण्यांत कमीपणा नाहीं.

एक वही घालावी. मागणी कोणाची, कोणत्या गांवची, काय घेतलें, आणि आपणांविषयीं त्यांस कोठून कळलें, हें चौथें सदर रिकामें सोडूं नये. सहा महिन्यांनीं त्या सदरावरून नजर फिरवावी. प्रदर्शनाच्या चिठ्ठ्यांवरून आलेले अधिक असतील तर पुढल्या वर्षीं आणखी एक प्रदर्शन करावें. शोधून आलेले अधिक असतील तर आणखी चार वस्तूंचीं नांवें नीट लिहावीं. जाहिरातीवरून कोणीच आला नसेल तर ती बंद करावी.

शेवटीं पैशाच्या वाटेविषयीं. पुष्कळ घरीं सोपट मालकाच्या बागेंतलें, विणणें सुनेचें किंवा गटांतील मजूर बायांचें, मोबाइल मुलाच्या हातीं व बँकेचें खातें वडिलांचें, अशी वांटणी असते. अशा दुकानांत बायांचा हात वर्षभरांत सुटतो. कारण त्यांस कामाचा दर कधीं कळतच नाहीं. बागाईतदारानें खोडें द्यावीं, यंत्रास वीज द्यावी, पेट्यांस प्रथम भांडवल लागेल तें उसनें द्यावें व लिहून ठेवावें. यूपीआयचें खातें मात्र विणणारीच्या किंवा गटाच्या नांवें असावें, आणि चिठ्ठीवर नांव तिचेंच असावें. दूरच्या गिऱ्हाइकानें पुन्हां मागणी केली तर तें नांव घेऊनच करील. तेव्हां उत्तर देणारीहि तीच असावी.